मासे फिरत होते, किडे पडले होते

लांज्याच्या पुढच्या एका पऱ्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, मी पाण्यातले किडे मोजते. पऱ्याचा वरचा भाग देवराईतून येतो, खालचा हापूसच्या कलमांच्या कडेने जातो. दोन्हीकडे पद्धत एकच. प्रवाहात जाळी उभी धरायची, तिच्यासमोरचा तळ पायाने ढवळायचा आणि जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. पाणी चांगलं असेल तर ट्रेमध्ये नुसती धावपळ असते. मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी चपटी पिल्लं शेपट्या पसरून पळतात, पोटाच्या कडेचे कल्ले सतत हलवत असतात. कॅडिसफ्लायच्या अळ्या वळवळतात. चतुरांची पिल्लं कोपरा धरून बसतात.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी खालच्या ट्रेमध्ये किडे भरपूर होते, पण धावपळ नव्हती. मेफ्लायची पिल्लं पाठीवर पडली होती, पाय थरथरत होते. तळ ढवळायच्या आधीच कितीतरी पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाळीत आली होती, आणि याचाच मला जास्त धक्का बसला. ही पिल्लं खाली सरकतात ती बहुतेक रात्री; भर उन्हात ती दगड सोडत नाहीत. ज्यांना काहीच झालं नव्हतं त्या गाळातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनमध्येही त्या तगतात.

बागेचे मालक काठावर आले. सत्तरीचे गृहस्थ, माझ्या कामाबद्दल नेहमी आपुलकीने विचारतात. पऱ्यातल्या कोंडीत, म्हणजे डोहात, बघून म्हणाले, "मासे तर फिरतायत, ताई. मग पाण्याला काय झालंय?"

प्रश्न अगदी रास्त होता. पाणी बिघडलं की मासे उलटे होतात, हे कोकणात प्रत्येकाला माहीत असतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक औषध पाण्यात गेलं असतं तर मासेही गेले असते. पण काठावर रिकामी बाटली पडली होती ती इमिडाक्लोप्रिडची. हे कीटकनाशक किड्यांच्या मज्जातंतूंमधल्या ग्राहकांना (संदेश झेलणाऱ्या रेणूंना, रिसेप्टर्सना) घट्ट चिकटतं; माशांचे ग्राहक वेगळ्या घडणीचे असल्याने तेवढ्या मात्रेत मासा सहज वाचतो. म्हणून मासे फिरत राहतात आणि ओढा मात्र आतून रिकामा होत जातो. पुढे त्या माशांना खायला काय उरणार, हे कोंडीत बघून कळत नाही.

आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी 10 लिटर पाण्याला 3 मिली हा डोस सगळीकडे माहीत आहे. 17.8 टक्क्यांच्या औषधाचा हिशोब केला तर तयार द्रावणाच्या एका लिटरमध्ये साधारण 60 मिलिग्रॅम इमिडाक्लोप्रिड येतं. नेदरलँड्समध्ये मेफ्लायच्या एका जातीवर प्रयोग झाले. लिटरला सुमारे 1 मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेत चार दिवसांत निम्म्या पिल्लांची हालचाल थांबली. म्हणजे बॅरलच्या तळाशी राहिलेलं एक लिटर द्रावण तेवढं पातळ करायला 60 हजार लिटर पाणी लागेल. फेब्रुवारीत या पऱ्याला घोट्याएवढं पाणी असतं. सकाळी फवारणी संपल्यावर गड्यांनी 200 लिटरचं बॅरल आणि फवारणीच्या एचटीपी पंपाची नळी वरच्या वळणावरच धुतली होती. पाणी तिथे आहे म्हणून तिथे धुतली, त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नाही.

पण एवढ्याने माझं समाधान होत नव्हतं. असंच धुणं मी आधीही पाहिलं होतं आणि एवढी पडझड झाली नव्हती. थर्मामीटर पाण्यात धरला तर खाली 31 अंश, आणि वर राईत 24. खालच्या काठावरची करंजं आणि जांभळं गेल्या वर्षी नवीन कलमांसाठी तोडली गेली, तेव्हापासून तिथे दिवसभर ऊन पडतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापलं की किड्याची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. तो कल्ले जोरात हलवतो, आणि औषधही जास्त वेगाने अंगात घेतो.

मग मी राईतून धडधाकट पिल्लं आणली आणि तीन डब्यांत सोडली. पहिल्यात वरचंच पाणी, पण उन्हात. दुसऱ्यात खालचं पाणी, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत. तिसऱ्यात खालचं पाणी, उन्हात. साडेचार वाजता उघडले. पहिल्यातली पिल्लं जोरजोरात कल्ले हलवत होती, पण दगडाला धरून होती. दुसऱ्यातली मंदावली होती, तरी काडीने स्पर्श केला की सरकत. तिसऱ्यातली जवळजवळ सगळी पाठीवर होती. तीन डब्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, आणि मी पाण्याची बाटली बर्फात घालून तपासणीला पाठवली ती म्हणूनच. तरीही तो तिसरा डबा बघून मला भीती वाटली. प्रत्येक उन्हाळा आधीपेक्षा तापत असताना, सावलीतल्या पाण्यासाठी काढलेल्या सुरक्षित मात्रा आपण कुठवर धरून बसणार?

मालकांनी तिन्ही डबे वाकून पाहिले. ढगाळ हवेमुळे यंदा तुडतुडा फार आहे, जास्तीची फवारणी करावी लागली, असं ते म्हणाले. मोहोर गेला तर वर्ष गेलं, हे मला त्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती. फवारूच नका असं मी त्यांना म्हणाले नाही आणि म्हणणारही नाही.

"मग धुवायचं कुठे? वर कातळावर?" त्यांनी विचारलं.

कातळावर नको, मी म्हटलं. जांभा सच्छिद्र असतो, तिथे ओतलेलं फटींतून विहिरीला किंवा परत पऱ्यालाच येईल. पाणी पाइपने बागेत न्या, बॅरल तिथेच तीनदा विसळा आणि ते विसळलेलं पाणी शेवटच्या ओळीतल्या कलमांवरच मारून टाका, औषधही वाया जाणार नाही. काठाला करंज परत लावूया, रोपं मी आणते. त्यांनी गड्याला हाक मारली आणि पाइप किती फूट लागेल ते मोजायला सांगितलं.