रिम बसते का, आधी मोजा

भाच्यानं स्विफ्टसाठी जुन्या अलॉय रिम ठरवल्या. आय-ट्वेंटीच्या काढलेल्या, १५ इंची, दिसायला झकास. "मामा, चार भोकं हिला, चार तिला. बसत्यात की!" मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो; माप घेतल्याशिवाय "बसतंय" म्हणत नाही. व्हर्नियर घेऊन त्याच्याबरोबर मिरज रोडला गेलो.

पहिलं पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास. चार भोकं असली की सोपं: एका भोकाची बाहेरची कड ते समोरच्याची आतली कड, एवढंच अंतर. १०० मिलीमीटर आलं. स्विफ्टचंही १००. फियाट पुंटोची रिम ९८ची. २ मिलीमीटर डोळ्याला दिसत नाहीत आणि नट ओढून ती बसवणारेही भेटतात, पण मग रिम मध्यावर राहत नाही, स्टडवर, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टवर, तिरका ताण येतो. जिवाशी खेळ आहे तो.

हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, बसणारं मधलं भोक दोन्हीकडं ५४.१ मिलीमीटर. रिमचं हे भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी कडी, हब रिंग, घालावी, नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं.

खरी गोम नटात. विकणारा आय-ट्वेंटीचे नट सोबत देत होता. ते १२ मिलीमीटर, दीड पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलीमीटर. स्विफ्टचा स्टड १२चाच, पण पिच १.२५. नट हातानं लावून बघितला: एक-दोन आटे गेला आणि अडकला. इथं कुणी नट आवळायची गन लावली की स्टडचे आटे मेलेच. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरलाच पाहिजे, ह्यावर मी अडून बसतो. १.२५चे, रिमच्या खाचेला जुळेल अशा उताराचे नवे नट घ्यायला लावले.

टायरचं गणित जुळलं. मूळ १६५/८० आर १४चा व्यास ६१९.६ मिलीमीटर, नव्या १८५/६५ आर १५चा ६२१.५. स्पीडोमीटरला जाणवेल असा फरक नाही.

स्पोकच्या मागं 'ईटी' आकडा असतो, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलीमीटर बाहेर आहे ते; तोही बघा. तो १०नं कमी असला की चाक १० मिलीमीटर बाहेर येतं. मागं तिघं बसवून, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून कुठं घासतंय का बघितलं.

शंभरएक किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं, म्हणजे नट किती जोरानं आवळलाय ते मोजणाऱ्या पान्यानं, नट परत तपासायचे. स्टेपनी १४चीच ठेवली, व्यास जवळपास तोच आहे. तिच्यासाठी स्विफ्टचे मूळ नट डिकीत ठेवायला सांगितलेत.