घरात रोकड का ठेवत नाही, तर...

“वादळात एवढे हाल झाले, तरी घरात चार पैसे रोख का ठेवत नाहीस?”

माहेरी गेले की हा प्रश्न असतोच. बचत गटात असतो, गणपतीला मुंबईहून आलेले दीर-जाऊ विचारतात, आणि परवा तर मासळीवालीनेही विचारलं, जिच्या टोपलीच्या कडेला स्कॅनरचा कागद बांधलेला असतो. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि समोरच्या माणसाला ते पटत नाही. घरातला सगळा खर्च मी खात्यातून, फोनवरून करते, रोकड ठेवत नाही. का, ते तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मला फोनचं वेड नाही. जमान्याबरोबर चालायचं म्हणूनही मी हे करत नाही. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. सकाळी गल्ल्यात पैसे पडायचे, दुपारी आई त्यातूनच भाजीला घ्यायची, संध्याकाळी कुणीतरी पाहुणा यायचा, रात्री बाबा उरलेले मोजायचे. दुकानाचे किती आणि घरचे किती, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. उधारीच्या वह्या होत्या, पण घरात काय गेलं त्याची वही नव्हती. दुकान बंद झालं तेव्हा बाबा एकच वाक्य परत परत म्हणत होते, “पैसे येत तर होते, गेले कुठे?” त्या वेळी मी नववीत होते. नोटेला नाव नसतं. ती हातातून गेली की कुणाकडे, कशासाठी गेली ते सांगायला मागे काही राहत नाही. मला प्रत्येक रुपयाला नाव हवं असतं.

आमचा पैसा वर्षाकाठी एकदाच येतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मार्च ते मे आंबा, वाशीच्या बाजारातून दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, येतात, जूनपर्यंत हिशोब मिटतो. मग पुढच्या आंब्यापर्यंत त्यातच खायचं. पट्टीचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्याला मी हात लावत नाही. खत, फवारणी, राखणदाराचा पगार वजा करायचा आणि उरलेल्याला बारांनी भागायचं. यंदा महिन्याला १८,००० बसले. दर एक तारखेला तेवढेच दुसऱ्या, घरखर्चाच्या खात्यात वळवते, आणि त्या महिन्यात घरातून जे जाईल ते त्याच खात्यातून. पैसे पाठवताना खाली दोन शब्द लिहायची जागा असते, तिथे “सुरमई”, “रेशन”, “शिमग्याची वर्गणी” असं लिहिते. महिनाअखेरीला पासबुक उघडलं की महिना कसा गेला ते वाचता येतं. पाडेल्याकडे साधा फोन आहे, म्हणून नारळ पाडण्याचे पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर जातात. तीच म्हणते, पैसे घरात पोचतात.

यूपीआय लाइट मात्र मी वापरत नाही. पिन न टाकता छोटे पैसे देता येतात हे खरं, पण पासबुकात फक्त त्यात भरलेली रक्कम दिसते, एकेक खर्च दिसत नाही. म्हणजे पुन्हा बाबांचा गल्लाच झाला.

“रोकडही वहीत लिहिता येते की!” येते. माझी जाऊ लिहिते, पाकिटं करून ठेवते, तिचा पैसाही इकडचा तिकडे होत नाही. मला ते जमलं नाही. तीन आठवडे लिहिलं, मग वीस-तीस रुपये राहू लागले, मग शंभर. हा माझा दोष आहे, रोकडीचा नव्हे, हे मला मान्य आहे. पण संसार मला माझ्याच स्वभावाने चालवायचा आहे.

आता वादळाचं सांगते.

त्याआधी २०१६ मधलं थोडं सांगावं लागेल. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा शेजारच्या काकूंच्या तांदळाच्या डब्यातून हजाराच्या अकरा नोटा निघाल्या. त्यांचा मुलगा मुंबईला. मी त्यांना घेऊन दोन दिवस बँकेच्या रांगेत उभी राहिले आणि रांगेत त्यांना नको नको ते बोलले. “डब्यात ठेवलेला पैसा हा पैसाच नव्हे काकू.” पुढे बचत गटात मी हेच भाषण देत असे. काकूंनी माझं निम्मं ऐकलं. खात्यात पैसे ठेवू लागल्या, पण डबा सोडला नाही. फक्त त्यात शंभराच्या नोटा ठेवू लागल्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने ते आत घुसलं, पण दापोली तालुक्यातल्या आम्हा आंजर्ल्याच्या लोकांना ते आमच्याच छपरावर बसल्यासारखं वाटलं. माडा-पोफळींचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. लाइट गेली, टॉवर पडला, फोन दुसऱ्या दिवशी दुपारी मेला. टाळेबंदी चालू होतीच. सासूबाईंच्या इन्सुलिनची बाटली तळाला आली होती. नवी त्याच आठवड्यात दापोलीहून आणायची होती. फ्रिज बंद, म्हणून होती ती बाटली माठात ठेवली.

६ तारखेला हे कोयता घेऊन निघाले. रस्त्यात पडलेली झाडं तोडत, ओलांडत, काही वाट चालत, काही कुणाच्या गाडीवर असे दापोलीला पोचले. पाकिटात ऐंशी रुपये. एटीएम बंद, कार्डाचं मशीन बंद. औषधवाला म्हणाला, रोख असतील तर देतो. त्याला मी दोष देत नाही. दुकानाबाहेर शंभर माणसं उभी होती, प्रत्येकाला उधार देऊन त्याने पुढचा माल कशाने आणला असता? हे रात्री रिकाम्या हाताने परत आले आणि ओटीवर बसून राहिले. माझ्या खात्यात त्या दिवशी एक लाख नव्वद हजार रुपये होते. आंब्याचे. प्रत्येक रुपयाला नाव होतं आणि त्यातला एक माझ्या हातात येत नव्हता. इंटरनेट नसलं तरी *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, हे मीच गटातल्या बायकांना शिकवलं होतं. त्यालाही टॉवर लागतो.

मी काकूंकडे गेले. त्यांच्या मागच्या पडवीची कौलं उडाली होती, काकू टोपात पावसाचं पाणी धरत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी डबा पुढे ओढला. चाळीस नोटा मोजल्या. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. “काकू, मी तुम्हाला रांगेत काय काय बोलले...” एवढंच म्हणाले. “घे गो,” त्या म्हणाल्या, “म्हातारीला सुई दे आधी.”

औषध दुसऱ्या दिवशी आलं. पैसे मी परत केले ते २४ जूनला, दापोलीचं एटीएम सुरू झालं तेव्हा, तीन तास रांगेत उभी राहून. मी सगळ्यांना सांगते ती गोष्ट इथवरच.

पुढचं मी सहसा सांगत नाही. गणपतीला काकूंचा मुलगा आला तेव्हा सहज बोलता बोलता कळलं की ते चार हजार त्यांनी ताडपत्रीसाठी काढून ठेवले होते. मला दिल्यावर उरलं होतं ते जेमतेम रेशनापुरतं. अठरा दिवस पडवी उघडी राहिली, कणगीत पाणी गेलं आणि भाताला मोड आले. त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. छप्पर मला दिसत होतं, तरी विचारलं नव्हतं.

२०१७ मध्ये भाषण देणारी ती मी आज समोर आली तर तिला काय सांगू? तू चूक होतीस म्हणू? पण काकूंच्या त्या अकरा नोटा खात्यात नसत्या गेल्या तर ३० डिसेंबरनंतर त्यांची रद्दीच झाली असती. बरोबर होतीस म्हणू, तर कणगीतलं भात डोळ्यांसमोर येतं.

वादळानंतर मी शिकले नाही असं समजू नका. पाच हजार रोख कपाटात ठेवले. दिवाळीपर्यंत त्यातले सातशे राहिले आणि बाकीचे कुठे गेले ते मला आजही सांगता येत नाही. पुन्हा भरले, पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी रिकामं पाकीट हातात घेऊन मी अक्षरशः बाबांचंच वाक्य बोलले. त्या दिवशी ठरवलं की हे माझ्या घरात नको.

पण माणूस जिवावर बेतलं असताना रिकामा नसावा, हेही पटलेलं आहे. म्हणून काकूंच्या डब्यात माझं एक पाकीट आहे. चार हजार, शंभराच्या नोटा. त्यांना गरज पडली तर त्यांनी वापरायचे, मला पडली तर मी. म्हणजे शेवटी रोकड ठेवतेसच ना, असं जाऊ म्हणते. ठेवते. दुसऱ्याच्या घरात ठेवते, कारण तिथून उचलताना मला तोंडाने सांगावं लागतं कशाला हवेत ते. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

गेल्या मेमध्ये पाकीट उघडून मोजलं तर चार हजार दोनशे निघाले. काकूंना विचारलं. “काजूच्या वेळी मोडले होते गो, परत ठेवले.”

“पण दोनशे जास्त आहेत.”

“असू देत.”

महिनाअखेरीला हिशोबाला बसले तेव्हा ते दोनशे कुठल्या नावाने लिहावेत ते कळेना. अजून लिहिलेले नाहीत.