तुम्ही विचारलंत म्हणून: लपवण्यासारखे काही नसेल, तर भीती कसली?

मी टपाल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली हे कळले, की लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. पूर्वी सरकार लोकांची पत्रे उघडून वाचत असे का, हा पहिला. दुसरा हल्ली फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या निमित्ताने अधिक ऐकू येतो: वाचली तरी बिघडले काय, ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरावे? गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका तरुण अभियंत्याने हाच प्रश्न मनापासून विचारला आणि जिन्यात उभ्या उभ्या मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, कारण तो अधिकार कायद्यातच होता. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम २६ नुसार सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी किंवा सार्वजनिक सुरक्षितता आणि शांतता यांसाठी सरकारला टपाल अडवता येत असे. मात्र त्याच कायद्यात कलम ५३ होते आणि आम्हां कर्मचाऱ्यांच्या मनात घर करून असे ते हेच: कर्तव्य सोडून कोणाचे पत्र उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. ज्या पत्रावरून ना घेणारा सापडे ना पाठवणारा, असे पत्र उघडण्याचे कामसुद्धा वेगळ्या कचेरीत, त्यासाठी नेमलेल्या माणसाकडेच असे, आणि त्यानेही पत्ता मिळण्यापुरतेच वाचायचे असा दंडक होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान टपाल कचेरीत मिळाले. १९८३ चा पावसाळा होता. खाडीपलीकडच्या वाडीतली एक बाई दर पंधरवड्याला कचेरीत येत असे. तिचा नवरा आखातात कामाला होता, तिला वाचता येत नव्हते, आणि आलेले पत्र आमचे पोस्टमन तिला बाकावर बसून वाचून दाखवीत. त्या दिवशी आलेले निळ्या-लाल काठाचे पाकीट वाटेत कोठेतरी भिजून एका बाजूने उसवले होते. वरच्या कचेरीने रीतीप्रमाणे त्याला कागदाची पट्टी डकवून ‘फाटलेल्या स्थितीत मिळाले’ असा शेरा मारला होता आणि खाली सही करून तारखेचा ठसा उमटवला होता. बाईंनी त्या पट्टीवरून दोन-तीनदा अंगठा फिरवला आणि विचारले, “हे कुणी वाचलं?” पोस्टमन म्हणाले की अहो, तुमची सगळी पत्रे मीच तर वाचतो. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही वाचता ते मी हातात देते म्हणून, भाऊ.” मग मी त्यांना शेरा वाचून दाखवला, सही कोणाची आणि ठसा कोठला ते सांगितले, तेव्हा कोठे त्यांनी पाकीट पोस्टमनच्या हाती दिले. पत्रात घराच्या कौलांसाठी पाठवलेल्या पैशांचा हिशेब होता आणि मुलाच्या खोकल्याची चौकशी होती.

त्या बाईंजवळ लपवण्यासारखे काहीच नव्हते. आपल्या घरातले शब्द कोणाच्या कानी घालायचे हे ठरवण्याचा हक्क मात्र होता, आणि त्या तो सोडायला तयार नव्हत्या. सुखरूप पोहोचल्याचे पोस्टकार्ड टाकणारा माणूसच मुलीच्या सासरची अडचण कळवायची झाली की अंतर्देशीय पत्र घेऊन त्याच्या कडा डिंकाने चिकटवीत असे. म्हणून त्याला गुन्हेगार समजावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही.

लोकांना आता याचे काही वाटेनासे झाले आहे, असेही म्हटले जाते. मला ते पटत नाही, कारण मी दोन्ही काळ पाहिले आहेत. १९८६ मध्ये संसदेने पत्रे अडवण्याची कारणे बरीच वाढवणारे टपाल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक संमत केले, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि विरोधी पक्षांकडून एवढी टीका झाली की आमच्या सॉर्टिंगच्या खोलीतही रात्रपाळीला तोच विषय असे. राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८७ मध्ये पद सोडेपर्यंत त्या विधेयकावर सही केली नाही. त्यांचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशी बिनसले होते हे खरे, आणि म्हणून सगळे श्रेय लोकमताला देणे योग्य नव्हे. पुढे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवले आणि कालांतराने ते मागेच घेतले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कायदा संमत केला. त्याच्या कलम ९ मध्ये टपाल अडवण्याचा अधिकार ‘आणीबाणी’ या, व्याख्या न केलेल्या, शब्दासह पुन्हा आला, आणि पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या जुन्या कलम ५३ सारखे कलम त्यात उरले नाही. १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. माझ्या ओळखीच्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी निम्म्यांना याची वार्ताही नव्हती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

लोक गप्प राहिले, पण ते सरसकट गप्प राहत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूटलेखनाच्या, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नये असा सांकेतिक करून पाठवण्याच्या, राष्ट्रीय धोरणाचा मसुदा जाहीर केला. कुलूपबंद करून पाठवलेल्या संदेशांची साधी, वाचता येईल अशी प्रत नव्वद दिवस जपून ठेवा, असे त्यात नागरिकांनाही सांगितले होते. त्यावर असा गदारोळ झाला की २२ सप्टेंबरला मसुदा मागे घ्यावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण स्वीकारा असे पडद्यावर दाखवताच आमच्या नातेवाइकांचे दोन गट आठवडाभरात सिग्नल या दुसऱ्या संदेश-अ‍ॅपवर गेले. त्याच वर्षी १८ जुलैला पेगॅसस या फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण बाहेर आले, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती नेमली, आणि तेच नातेवाईक म्हणाले की ते मोठ्या लोकांचे आहे, आपल्याला काय. मसुदा आणि व्हॉट्सअ‍ॅपची पाटी प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर पोहोचली होती. पेगॅसस कोणाच्या फोनवर आहे हे त्या फोनच्या मालकालाही दिसत नव्हते. पाकीट उसवलेले दिसले म्हणून बाईंनी विचारले. दिसलेच नसते, तर त्यांनी काय विचारले असते?

फोन ऐकूच नयेत असे माझे म्हणणे नाही. २६/११ च्या रात्री हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार यांच्यातली संभाषणे मुंबईत ऐकली गेली, आणि ती ऐकायलाच हवी होती. पण तेथे नंबर ठाऊक होता आणि कारण समोर जळत होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवांनी द्यावा, तो दोन महिनेच चालावा आणि वाढवला तरी सहा महिन्यांपुढे जाऊ नये, असे बजावले ते अशाच नेमकेपणासाठी. २०१३ मध्ये माहितीच्या अधिकारात केंद्राने दिलेल्या उत्तरानुसार असे आदेश महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० निघत होते. म्हणजे एकही सुटी न घेता दिवसाला किमान अडीचशे सह्या. आठ तासांच्या दिवसात एका आदेशाला दोन मिनिटेसुद्धा येत नाहीत. माझ्यासारख्या सॉर्टरला पाकिटावरचा पत्ता वाचायला क्षण पुरतो, पण एखाद्याच्या घरातले बोलणे ऐकायचे की नाही हे ठरवायला तेवढा वेळ पुरेल असे मला वाटत नाही.

शिवाय पूर्वी पत्र अडवायचे तर ते पोस्टमास्तर, सॉर्टर, पोस्टमन अशा अनेक हातांतून जाई, आणि त्यांतल्या एखाद्याला शंका येण्याला वाव होता. केंद्रीय देखरेख यंत्रणा, जिला सीएमएस म्हणतात, ती उभारताना फोन कंपनीतल्या माणसाचा मधला हातच काढून टाकला गेला.

आमच्या मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवून रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. त्याच्यावर खटला झाला म्हणून त्याला कळले तरी. ज्याच्यावर खटला होत नाही, त्याचा फोन ऐकला गेला हे त्याला आपल्याकडे कधीही कळवले जात नाही. जर्मनीत पाळत संपल्यावर आणि तपासाला बाधा येणार नसेल तेव्हा संबंधित माणसाला तसे कळवण्याची तरतूद कायद्यात आहे.

जिन्यात भेटलेल्या त्या मुलाला मी आता एवढेच सांगेन की मला ती कागदाची पट्टी हवी आहे. आम्ही उघडले, या तारखेला उघडले, या कारणासाठी उघडले, आणि खाली जबाबदार माणसाची सही. पावसात भिजलेल्या एका पाकिटासाठी आमचे खाते हे करत होते.