आत्याची सही

आज आत्याचा सहावा शॉक, म्हणजे मानसिक आजारावर देतात तो विजेच्या झटक्याचा उपचार. सकाळी उपाशीपोटी नेलं, भूल दिली, पाऊण तासात ती बाहेर. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "चहा हवाय. आलं घालून." तीन आठवड्यांपूर्वी ही बाई पाणीसुद्धा गिळत नव्हती. मी तिथेच रडले.

आमच्या घरात शॉक म्हटलं की आजीच आठवते. तिला चौघांनी धरून, भूल न देता शॉक दिले होते. ती शेवटपर्यंत त्या खोलीबद्दल बोलायची. आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 95 सांगतं, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देताच येणार नाही. तातडीचा उपचार म्हणूनही देता येत नाही. हे आजीच्या वेळी का नव्हतं?

पण आज घरी येताना रिक्षात आत्याने विचारलं, "सही कुणी केली होती?"

शॉकच्या संमतीपत्रावर काकांनी केली होती. तेव्हा ती बोलतच नव्हती. तरी तिच्याशेजारी बसून, तिला कळेल अशा शब्दांत कुणी सांगायला हवं होतं. आम्ही नाही सांगितलं. घाबरलो होतो, हे खरं. शॉकमुळे गणपतीतले काही दिवस तिला आठवत नाहीत, तेही तिला आधी कळायला हवं होतं.

त्याच कायद्यात पुढच्या आजारपणासाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते. संध्याकाळी ती वही घेऊन बसली. म्हणाली, "शॉक चालतील. पण आधी मला सांगायचं. मी बोलत नसले तरी."