बिडाचा तवा, शिळा भात आणि सोया सॉस

परवा ऑफिसमधून घरी पोचायला साडेआठ वाजले, हिंजवडीच्या ट्रॅफिकवर नवीन काय बोलणार, आणि फ्रिज उघडला तर सकाळचा उरलेला भात, अर्धा कोबी, एक गाजर, दोन अंडी. बाहेरून मागवायला मोबाईल काढला होता खरं तर, पण आई आठ दिवसांसाठी सातार्‍याहून आलीये, तिच्यासमोर रात्री पार्सल मागवलं की काय ऐकावं लागतं ते मला माहितीये. मग म्हटलं जाऊदे, तवा-भात करू.

हे नाव माझंच. मूळ आयडिया कोरियन बिबिंबापची. 'बिबिम' म्हणजे कालवणं आणि 'बाप' म्हणजे भात, म्हणजे कालवलेला भातच की. त्यातला एक प्रकार तापलेल्या दगडी भांड्यात वाढतात, त्यामुळे तळाचा भात मस्त खरपूस होतो. दगडी भांडं कुठून आणू, पण धिरड्यांचा बिडाचा तवा आहे घरात, जड आणि काळाकुट्ट, एकदा तापला की तापला. नॉनस्टिकवर ही मजा येत नाही, करून बघितलंय.

भात शिळाच पाहिजे. पहिल्यांदा केला तेव्हा कुकरमधला वाफाळता भात डायरेक्ट तव्यावर टाकलेला, पार गिचका झाला. गार झाला की भातातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा अंग धरतो. फक्त तो दिवसभर ओट्यावर ठेवू नका हां, कोमट झाला की लगेच फ्रिजमध्ये, भात बाहेर राहिला की पोट बिघडवतो. आमच्याकडे इंद्रायणी असतो. फ्राइड राइसला लोक बासमती घ्या म्हणतात, पण इथे थोडा चिकटपणाच कामाला येतो, दाणे एकमेकांना धरून राहतात.

सॉस वाटीतच कालवून घ्या: दोन चमचे सोया सॉस, चमचाभर गोचुजांग, अर्धा चमचा गूळ, थोडं लिंबू. गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची लाल पेस्ट, आणि स्वस्त नाहीये. नसेल तर चार ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटा, तो आंबलेला वास येणार नाही पण खायला छान लागतं. मीठ अजिबात नको, सोया सॉसमध्ये भरपूर असतं, एकदा सवयीने घातलं आणि सगळं खारट करून बसलो. तिळाच्या तेलाचं पण सांगतो, कोरियन लोक यात घालतात ते भाजलेल्या तिळाचं असतं म्हणून काळपट आणि खमंग, आपलं घाण्याचं घातलं तर तो वास येत नाही. मी सरळ चमचाभर तीळ भाजून खलबत्त्यात ठेचतो.

आता खरं काम. तवा सणसणीत तापवून कोबी-गाजर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायचं, कचकचीत असतानाच काढून ठेवायचं. मग दोन चमचे तेल, त्यावर भात पसरून उलथन्याने दाबायचा, आच मध्यम करायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. हेच जमत नाही माणसाला, सारखं हलवावंसं वाटतं. आधी ओलसर चर्रर्र आवाज येतो, पाच-सहा मिनिटांनी तो कोरडा होऊन बारीक तडतड सुरू होते आणि कडेचे दाणे तांबूस दिसायला लागतात. झालं, गॅस बंद. सॉस आता वरून घालायचा, आधी घातला तर गूळ जळून कडू होतो. वर भाज्या, ठेचलेले तीळ, कांद्याची पात आणि हाफ फ्राय.

आई मागे उभी राहून सगळं बघत होती, एक शब्द नाही. मी कालवायला घेतलं तशी म्हणाली, "थांब, खरपुडी मला काढ आधी." लहानपणी पातेल्याच्या तळाची खरपुडी तूप-मीठ लावून खायचो, ताईची आणि माझी त्यावरून जाम मारामारी, आणि आईच्या वाट्याला ती कधी आलेली मला आठवत नाही. उलथनं घालून सगळा थर सोडवला, अर्ध्या तव्याएवढा अख्खा निघाला, तिच्या ताटलीत दिला. तिने त्यावर लसणाची चटणी भुरभुरली. मी म्हटलं अगं सॉस आहे ना, तर म्हणे असूदे.

गोचुजांगचा डबा मात्र तिने दोनदा उघडून वास घेतलाय. उद्या थालीपिठाच्या पिठात घालून बघूया म्हणते.