जॉबशीटवरचं ‘ओके’

कम्प्लेंटचा पत्ता पाहिला आणि पोटात गोळा आला. त्या घरी मी दोनदा जाऊन आलो होतो, तिसऱ्यांदा आमच्याच एजन्सीतला दुसरा पोरगा गेला होता. तक्रार दर वेळी तीच, फ्रिज चालतो पण थंड करत नाही. उपायही तोच. आणि शेरा? ‘गॅस चार्ज केला, कूलिंग ओके.’

दार उघडताच ताईंनी फाइल पुढे केली. “दादा, दुकानदार म्हणतो, तीनदा दुरुस्त करून दिलाय, तिन्ही कागदांवर ओके आहे, मग पैसे कसले परत मागता? यातल्या दोन कागदांवर सही तुमचीच ना?”

माझीच होती.

खरं सांगायचं तर दुकानदाराला तरी काय बोलणार? त्याने काही फ्रिज खोलून पाहिला नव्हता. त्याच्यासमोर तीन कागद होते आणि त्या कागदांप्रमाणे फ्रिज धडधाकट होता.

बिलाच्या पाठीमागे ताईंनी पेन्सिलीने तारखा मांडल्या होत्या. गॅस कधी भरला, बर्फ धरायचा कधी थांबला. मी सहज दिवस मोजले. ६३, ६१, ६४. तिथेच बसलो मी. कम्प्रेसर काही तारखा बघून बिघडत नाही. दर वेळी जवळपास तेवढ्याच दिवसांत थंडावा जातो, म्हणजे त्याच भोकातून त्याच गतीने गॅस जातोय. या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तोही जेमतेम ५०-६० ग्रॅम. त्यातले थोडे ग्रॅम गेले तरी कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यांवरच बर्फ धरतो, पुढची कोरडी राहतात.

आधीच्या दोन्ही वेळी मी दिसणाऱ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला होता. बुडबुडा आला नाही, तर ‘पिनमधून (गॅस भरायच्या तोंडाच्या व्हॉल्व्हमधून) गेला असेल’ म्हणून गॅस भरून मोकळा झालो होतो.

या वेळी खिडक्या उघडल्या. हा गॅस पेट घेतो, त्यामुळे आधी तो नळीने बाहेर सोडला, नायट्रोजनने लाइन धुतली आणि मगच पाइप झाळायची टॉर्च पेटवली. कम्प्रेसरची बाजू आणि ड्रायरची, म्हणजे ओल टिपणाऱ्या फिल्टरची, बाजू तोडून हाय साइड (कम्प्रेसरनंतरचे जास्त दाबाचे पाइप) वेगळी केली, लो साइड (थंड करणाऱ्या कॉइलची बाजू) वेगळी. दोन्हीत १५० पीएसआय दाबाने नायट्रोजन भरून दाब दाखवणारे दोन गेज लावले. ताईंना म्हटलं, आता नुसतं थांबायचं.

मधल्या वेळात ऑफिसचा फोन आला. “अरे, बायपास मार आणि नीघ.” बायपास म्हणजे काय ते सांगतो. दाराच्या चौकटीला घाम सुटू नये म्हणून तिच्या आतून हाय साइडचाच एक गरम पाइप फिरवलेला असतो. फ्रिज चालू असताना चौकट कोमट लागते ती त्यामुळेच. हा पाइप फुटला तर काही जण तो सरळ वगळून टाकतात. फ्रिज थंड करतो, पण दमट दिवसांत चौकटीवरून पाणी गळतं. जुना फ्रिज असता तर मीही मालकाला विचारून केलं असतं. वॉरंटीतल्या नव्याला हे ठिगळ कशाला?

चार तासांनी लो साइडचा काटा जागचा हललेला नव्हता. हाय साइडचा १३८ वर. दोन्ही गेज एकाच खोलीत, म्हणजे हवा गार झाली म्हणून दाब उतरला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. बाहेरच्या प्रत्येक सांध्याला पुन्हा फेस लावला. काही नाही. मग गळती उरली ती फ्रिजच्या भिंतीतल्या फोमच्या आत, जिथे हात पोचत नाही.

शेऱ्याचा चौकोन दोन ओळींचा. मी कागद उलटा करून लिहिलं : ‘हाय साइडची गळती इन्सुलेशनच्या आतल्या पाइपमध्ये. आधीच्या तिन्ही तक्रारींचं कारण हेच. जागेवर दुरुस्ती शक्य नाही.’ खाली सिरियल नंबर, दोन्ही गेजचे आकडे आणि वेळ. ताईंनी गेजचे फोटो काढले.

दुकानदाराने आधी तेच मॉडेल बदलून देतो म्हटलं. ताई पैशांवर अडून राहिल्या. मग घोडं अडलं ते आधी काय यावर, पैसे की फ्रिज? ताईंनी न्यायला आलेल्या माणसाकडून सिरियल नंबरसकट लिहून घेतलं, ‘फ्रिज मिळाला, पूर्ण रक्कम देणे बाकी’, आणि मगच फ्रिज उचलू दिला. सहाव्या दिवशी पैसे जमा झाले.

आमचा पगार कॉलवर चालतो. त्या दिवशी माझ्या नावावर एकच कॉल लागला आणि उरलेले तीन दुसऱ्या पोराला गेले. संध्याकाळी त्याने जॉबशीट जमा केले तेव्हा वरून नजर टाकली. तिन्हीवर ओके.