गेट रजिस्टरमधली ५.४० ची नोंद

माझा एक गेटवरचा आवाज आहे. नोकरीला लागले तेव्हा तो नव्हता. धरणावर शाखा अभियंता म्हणून पहिल्या पावसाळ्यात सांडव्याच्या पुलावर सेल्फी काढणाऱ्या पोरांना "कृपया मागे या" म्हटलं, तर त्यांनी ग्रुप फोटो काढायला मोबाईल माझ्याच हातात दिला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आवाज कमावला. पोटातून काढलेला, आखूड: "हला इथून!" पोरं हलायची. मला त्याचा अभिमान होता, थोडा अजूनही आहे.

आमचं धरण मध्यम, पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला लागून. वर पाऊस झोडपायला लागला की येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, तासाभरात दुप्पट होतो. गेल्या ऑगस्टमधल्या त्या दिवशी दुपारी आम्ही ३,४०० क्युसेक सोडत होतो आणि साडेपाचपासून ८,६०० वर न्यायचं ठरलं. चार वक्र दरवाजे, पाव-पाव मीटरच्या टप्प्यानं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. हे मी पत्रकारांना दर वर्षी समजावते आणि ते दर वर्षी क्युसेकच्या जागी टीएमसी छापतात.

विसर्ग वाढवायचा म्हणजे सांगत सुटायचं. साहेबांना फोनवर विशेषणं चालत नाहीत. "येवा चढता आहे, पातळी अमुक, सहाला दुसरा टप्पा घेते," एवढंच. 'भयंकर पाऊस' म्हटलं की ते विचारतात, किती मिलिमीटर? शेतकऱ्यांशी साधं बोलावं म्हणून एकदा त्यांच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'नदीचं पाणी वाढणार आहे, काळजी घ्या.' दोन मिनिटांत एका बागाईतदाराचा मेसेज: "मॅडम, आकडा टाका. पाच हजारला माझी मोटार बुडते, सातला शेजाऱ्याची." आमच्या ऑफिसातल्या तक्त्यापेक्षा त्यांचा हिशोब नेमका. याआधी मी कोल्हापूरला होते. तिथं घरमालकीण आजी सकाळी चहाबरोबर विचारायच्या, "राजाराम बंधारा किती फुटांवर?" पंचगंगेची पातळी तिथं मोजतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे तिथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ ला नदी ५५ च्या वर गेलेली त्यांनी पाहिली होती. पुण्यात नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही, त्यावर शहर काय ते समजतं. ज्याची त्याची पट्टी वेगळी.

उरलेल्यांसाठी आमचा छापील मजकूर: 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.' आपण सखल भागात राहतो असं मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या दिवशी ग्रामपंचायतीनं हा मजकूर घंटागाडीच्या भोंग्यावरून फिरवला. गाडीवरचा पोरगा महाप्रसादाचं आमंत्रणही त्याच भोंग्यावरून देतो, त्याच सुरात. बायका कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर आल्या.

गेट उचलण्याआधी मी जीप घेऊन खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्यापर्यंत, म्हणजे फळ्या घालून नदी अडवतात त्या बुटक्या बंधाऱ्यापर्यंत गेले. आमचा भोंगा तिथं पाण्याच्या घोंगावण्यात ऐकू येत नाही. बंधाऱ्याखालच्या खडीवर कातकऱ्यांची तीन पालं होती, निळ्या प्लास्टिकची. मासे-खेकडे धरायला आलेली माणसं. पूररेषेच्या नकाशावर लाल रेषा असते शंभर वर्षांतल्या पुराची, निळी पंचवीस वर्षांतल्या. ही पालं निळीच्याही पार आत, जवळजवळ पात्रात. सरकारी कागदात कातकरी 'विशेष असुरक्षित' आदिवासी गटात आहेत, पण आमच्या कुठल्याही मेसेज-यादीत त्यांचा एक नंबर नाही.

मी बंधाऱ्यावरूनच गेटवरचा आवाज लावला. एका बाईनं वर न बघता आवरायला घेतलं. जाळं गुंडाळलं, तवा फडक्यात बांधला, पोर कडेवर घेतलं. दोन मिनिटांत पालं उतरली. इतक्या झटपट माझं कोणी ऐकत नाही. खुशीत परत आले, भोंगा दिला, गेट उचललं आणि रजिस्टरात लिहिलं: 'सायं. ५.४०. बंधाऱ्याखालील नागरिकांस सतर्क केले.'

पावणेसातला तात्या फेरी मारून आले. तात्या आमचे चौकीदार.

"मॅडम, ती पालं वळणापल्याड लागली. करंजाखाली."

करंजाखालची जागा आधीच्या जागेपेक्षाही खोल आहे. माझा पारा चढला. "सांगून कळत नाही का यांना?"

"तुम्ही हाकललं," तात्या शांतपणे म्हणाले. "वाळूवाले हाकलत्यात, फार्महाऊसवाले हाकलत्यात, तशा तुम्ही. नजरंआड गेलं की झालं, असं वाटलं त्यास्नी."

जीप वळणाला लावून आम्ही उतरलो. मी तोंड उघडायच्या आत तात्या चुलीपाशी उकिडवे बसले. "काय घावलं?" "खेकडं." मग तंबाखूची देवाणघेवाण. मी मागं उभी, सारखी घड्याळ बघत, कारण सहाला सोडलेलं पाणी आता इथं पोचायला हवं होतं. तंबाखू मळून झाली तसे तात्या उठले, सरपणातल्या दोन काठ्या घेतल्या. एक पाण्यापासून दोन पावलांवर खडीत रोवली, दुसरी पालाच्या अलीकडे.

"मावशे, ही पहिली आत्ता बुडंल. दुसरीला पाणी लागायच्या आत वर देवळात जायचं. पोरं आधी. ह्या मॅडम धरणावरच्या. पाणी ह्यास्नीच सोडलंय."

बाईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "पाणी हिनं सोडलंय?"

"व्हय."

"मंग मगाशी का न्हाय बोललीस?"

मी सांगितलं होतं, असं म्हणणारच होते. मग बंधाऱ्यावरचं माझं वाक्य आठवून पाहिलं. "ए, उठा, हला इथून, किती वेळा सांगायचं!" त्याआधी मी त्यांना एकदाही काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्या वाक्यात पाणी हा शब्दच नव्हता.

बोलता बोलता पहिल्या काठीच्या बुडाशी फेस आला. काठी थरथरली, कलली आणि गेली. कोणी काही म्हटलं नाही. बाईनं चुलीवरचं भांडं उचललं, तात्यांनी एक पोर उचललं, मी जाळं. ओलं जाळं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. साडेआठला देवळाच्या पायरीवरून बॅटरी मारली तेव्हा करंजाचं खोड कमरेएवढ्या पाण्यात होतं.

पुढच्या रविवारी पुलावर परत सेल्फीवाले आले. तिथं उकिडवं बसून काय घावलं विचारण्यात अर्थ नव्हता, गेटवरचाच आवाज लागला आणि पोरं हललीही. मला कोड्यात टाकतं ते हेच. तो आवाज चुकीचा असता तर सोडून दिला असता.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. ५.४० ची नोंद तशीच आहे, तिच्याखाली ७.१० ची, शब्दही तेच. तपासणीला साहेबांनी त्यावर पेन ठेवून विचारलं, "एकाच ठिकाणी दोनदा सतर्क?"

"खात्रीसाठी, सर."

"गुड," म्हणाले आणि सही केली.

तात्या येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांचं पद भरायचं की नाही, याची फाईल अजून फिरतेय.